सोनीची दृष्ट आन मिरच्यांचा ठसका

किकवीच्या बायांनो, म्या सांगतेय आन गावचे मास्तर लिवत्यात. सगळ्याजणी मिळून ऐका.

माझी पाच वर्सांची नात सोनी खेळता खेळता मधीच थांबती. डोळे उघडे, पर हाक ऐकू जात न्हाई. घडीभरानं पुन्हा खेळाया लागती. भोरचा डाक्टर म्हणतो, पोर धडधाकट हाय.

म्हणून आज दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका आला न्हाई तर दृष्ट लागलेली असती. पर हितं दावणीची म्हैससुदिक खोकली!

"आत्याबाई, मग पोरीला झालंय तरी काय?" म्हणून सून रडाया लागली.

म्या माझं डोळं पुसत म्हणलं, "रडू नगं. माझ्या डोळ्यांत नुसता धूर गेलाय." दृष्ट असती तर उतरली तरी असती.

तुमच्यात कुणाचं पोर असं थांबायचं का? बरं झालं का? नसंल झालं, तरी लिवा. मास्तर मला एकटीलाच वाचून दावतील.