आवाज गेला तेव्हा

ताईला हॉलिवूडच्या जुन्या संगीतपटांचं वेड. स्टुडिओत बांधलेला जिना, कापडावर रंगवलेला चंद्र, शेपटीचा कोट घातलेला नायक आणि बोलणं सुचेनासं झालं की सरळ गायलाच लागणारी माणसं!

"सगळं खोटं असतं गं," धाकटी म्हणायची.

"म्हणून तर जाते. खरं आठवडाभर कानाशी असतंच की."

कारण ताई इस्पितळाच्या टेलिफोन स्विचबोर्डवर फोन जोडून द्यायची. धाकटी तिथेच नर्स. दोघींनीही लग्न केलं नव्हतं, बिऱ्हाड एकच.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला धाकटी आपणहून निघाली, तशी ताई म्हणाली, "सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं."

धाकटी नुसती हसली. गुरुवारी ऑपरेशन थिएटरने घाईघाईत रक्तपेढी मागितली होती आणि फोन जोडला गेला धोबीखान्याला. तिकडचा बिचारा "चादरी अजून ओल्या आहेत" एवढंच सांगत राहिला. रुग्ण वाचला, पण थोडक्यात. ताईने खापर लाईनवर फोडलं. मेट्रनने मात्र धाकटीला बाजूला घेऊन विचारलं, "लाईन खराब, की कान? तू घरात असतेस. सोमवारी मला सांग."

घरातल्या रेडिओचा आवाज किती वाढलाय हे धाकटीला दिसत होतं. ताई हल्ली समोरच्याच्या ओठांकडे बघते, हेही. पण बहिणीच्या पोटावर पाय कसा द्यायचा? आणि नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी रुग्ण वाचेल कशावरून?

सिनेमागृहात ताई थेट पहिल्या रांगेत जाऊन बसली.

"इथे? मान मोडेल आपली."

"नाचणाऱ्यांचे पाय नीट दिसतात."

सिनेमा ताईला तोंडपाठ होता. कामावरून काढलेली नटी रिकाम्या रंगमंचावर येते, एकटीच गाते आणि गाता गाता टाचा वाजवू लागते. त्या जागेची ताई वाटच बघत असायची. नटी पडद्यावर आली, आणि नेमका आवाज गेला.

चित्र चालूच राहिलं. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. "ए, आवाज!" कुणी पाय आपटू लागलं. धाकटीने शेजारी पाहिलं. ताईची बोटं खुर्चीच्या हातावर टाचांबरोबर चालली होती. चेहरा कसा निवलेला. "बघ हं, आता गिरकी घेते!"

थोड्या वेळाने लोक ओरडून दमले. त्या शांततेत ताईचं गुणगुणणं सगळ्यांना ऐकू गेलं. डोकी वळली.

"मावशी, जरा मोठ्याने! आमचा आवाज गेलाय!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

वळलेल्या माना पाहून ताईने विचारलं, "काय गं? मी मध्ये येतेय का कुणाच्या?"

हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण पडद्याच्या उजेडात ताई तिच्या ओठांकडे बघत होती.

"आवाज गेलाय, ताई."

"कधी?"

"ती रंगमंचावर आली तेव्हाच."

ताईची बोटं थांबली. पडद्यावर नटी आवाजाविनाच नाचत होती.

"मला तर सगळं ऐकू येत होतं गं," ताई म्हणाली. मग, "गुरुवारीसुद्धा मला सगळं नीट ऐकू आलं होतं."

धाकटीने नजर पडद्याकडे वळवली.

"मेट्रनने विचारलंय तुला. हो ना?"

धाकटीने मान डोलावली.

"तू तोंड उघडू नकोस. सकाळी मी जाते."

"बोर्डावरून उठवतील तुला."

"उठवू देत. धोबीखान्यातून कुणाला रक्त मिळत नाही." ताईने हसायचा प्रयत्न केला.

एकदम कर्णे खरखरले आणि गाणं परत आलं. धाकटी दचकली. तिचा चेहरा पाहून ताईने विचारलं, "आला?"

"आला."

ताईने आपला तळहात तिच्या मांडीवर उघडा ठेवला. "वाजव."

धाकटी त्यावर बोटांनी टाचा वाजवू लागली.

"मागे पडतेस, कार्टे," ताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. "पाय बघ तिचे, पाय."