मेट्रनबाईंचं मत

"रडू आलं म्हंजे गोष्ट चांगली, असं नाही वं. रडू तं कांदा चिरतानाही येते," असं म्हणत मेट्रनबाईंनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच लिहिलं होतं.

नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. तेव्हा मी संध्याकाळी तिथं पुस्तकं द्यायला-घ्यायला बसत असे. मेट्रनबाई निवृत्त नर्स. सगळी नोकरी लहान मुलांच्या वॉर्डात गेली, फक्त शेवटची चार वर्षं त्या मेट्रन, म्हणजे नर्सांच्या प्रमुख होत्या, पण नाव मात्र तेच चिकटलं. त्या वर्ध्याकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातल्या. लग्न केलं नव्हतं. वाचनालयापासून दोन गल्ल्या सोडून दोन खोल्यांत एकट्या राहत आणि नाताळच्या गोष्टी वाचत. अनुवादित, मूळ मराठी, चर्चच्या मासिकात छापून आलेल्या, कुठल्याही चालत. अट एवढीच, की गोष्टीत नाताळ हवा आणि कुणाच्या तरी जिवाला घोर हवा. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून, बर्फात हरवलेल्या लेकरांच्या गोष्टी वाचणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मी एकदा विचारलं, "बाई, उन्हाळ्यात कशाला?" त्या म्हणाल्या, "दुःख काय लोकाईले डिसेंबरातच होते?"

आमचं घर बौद्ध. नाताळ म्हणजे शाळेला सुट्टी आणि शेजारच्यांकडून येणारा केक, एवढीच माझी ओळख. पण डिसेंबरातल्या शनिवारी दुपारी चार वाजता चार माणसांनी बसून नाताळची एक गोष्ट वाचायची आणि प्रत्येकानं मत द्यायचं, ही कल्पना बाईंनी काढली तेव्हा खुर्च्या मांडण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मीही त्यात ओढली गेले. चौघं म्हणजे बाई, मी, निवृत्त मुख्याध्यापक ठवरे सर आणि खालच्या कापडाच्या दुकानाचे मालक लालवानी काका. काका आधी फक्त चहा पाठवत. मग चहाबरोबर स्वतःही यायला लागले.

मत देण्याचे बाईंचे नियम कडक होते. 'छान आहे' म्हणायचं नाही. रडलात की नाही ते सांगायचं, आणि नेमकं कुठल्या वाक्याला रडलात तेही सांगायचं. पहिल्याच शनिवारी ठवरे सर चष्मा पुसत म्हणाले, "कथा अत्यंत हृदयस्पर्शी आहे." बाईंनी हात वर केला. "सर, हृदयाले हात सर्जन लावते, अन् तेबी छाती उघडल्यावर. तुमाले कुठं लागलं ते सांगा." सर चपापले. इतकी वर्षं त्यांनी मुलांच्या निबंधांवर लाल शाईनं शेरे मारलेले. त्यांच्यावर असा शेरा कुणी मारला नसावा. पण त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, पान शोधलं आणि हळू आवाजात म्हणाले, "इथं. बाप दारापर्यंत येतो आणि आत न येताच परत जातो, तिथं." बाईंनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. त्यानंतर मी सरांच्या तोंडून 'हृदयस्पर्शी' हा शब्द ऐकला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या एका शनिवारी त्या खरोखर चिडल्या. त्या दिवशीच्या गोष्टीत एक आजारी मुलगी होती. डॉक्टरांनी आशा सोडलेली असते. आई सारी संध्याकाळ गुडघे टेकून प्रार्थना करते, आणि नाताळच्या सकाळी मुलगी डोळे उघडून दूध मागते. मी रडले. सर रडले. लालवानी काकांनी तर रुमाल काढून तोंड झाकून घेतलं. बाई मात्र ताठ बसून होत्या.

"मी मुलाईच्या वॉर्डात होती," त्या म्हणाल्या. "एका नाताळले माझी ड्यूटी होती. गोंदियाकडची एक बाई होती, पाच वर्षाचं लेकरू घेऊन आलेली. तिनंबी हात जोडले होते. या गोष्टीतल्या बाईपेक्षा जास्त जोडले होते. सकाळी लेकरू गेलं. तिनं काय केलं माहीत आहे? वॉर्डातून निघायच्या आधी पलंगावरच्या चादरीची घडी केली. चारी कोपरे जुळवले. मी म्हटलं, राहू द्या, आमी करतो. तं म्हणे, नाही बाई, तुमाले आधीच लई काम आहे." बाईंनी पुस्तकावर बोट ठेवलं. "हे कोणी लिहून नाही राहिलं. ज्या मायचं लेकरू नाही उठलं, तिनं काय कमी प्रार्थना केली होती? तिनं ही गोष्ट वाचली तं तिनं काय समजावं?"

खालून बाजाराचा आवाज येत होता. शेवटी लालवानी काका रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "मॅडम, तुमची बात सही आहे. पण माझा रोना बी असली होता. माझी नात अशीच होती, आठ दिन मशीनवर. डॉक्टरांनी हात टेकले होते. नवव्या दिवशी तिनं बिस्कुट मागितलं. मला ती गोष्ट झूठ कशी लागेल?"

बाईंनी वही मिटली आणि जिना उतरून गेल्या. मला वाटलं, आता शनिवार संपले. पण पुढच्या शनिवारी त्या वेळेआधी येऊन बसल्या, आणि काका चहा घेऊन वर आल्याबरोबर उभ्या राहिल्या. "लालवानीसाहेब, मी आठ दिवस विचार केला. लेखकाचं चुकलं, हे माझं मत कायम आहे. पण तुमचं रडणं मी खोटं ठरवलं, ते माझं चुकलं." मग त्यांनी वहीतलं पान दाखवलं. तिथं लिहिलं होतं: 'लालवानी. रडले. कारण खरं. मान्य.' काकांनी ते दोनदा वाचलं आणि त्या दिवशी चहाबरोबर सामोसे मागवले.

त्याच हिवाळ्यात मी एक गोष्ट लिहिली. माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. एका स्थानिक मासिकाच्या पुढच्या वर्षीच्या नाताळ अंकासाठी कथा मागवल्या होत्या, आणि इतक्या गोष्टी वाचल्यावर मला वाटलं, जमेल आपल्याला. माझ्या गोष्टीत एक आई दवाखान्यातून नाताळच्या संध्याकाळी घरी येते, आणि मुलगी दारात दिवा घेऊन उभी असते. मी ती बाईंना वाचायला दिली. त्यांनी तिथंच, माझ्या टेबलासमोर उभ्यानं वाचली.

"तुझी माय घरी आली होती काय?"

"नाही."

"मंग काहून आणली?"

मला इतका राग आला, की मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतले. "सगळ्यांनी तुमच्या वॉर्डातलंच लिहायचं का, बाई?" असं काहीतरी बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नाही. तुझ्या वॉर्डातलं लिही," आणि गेल्या. पुढचे दोन शनिवार मी खुर्च्या मांडल्या आणि डोकं दुखतं सांगून घरी निघून गेले.

तिसऱ्या आठवड्यात मीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी कशाला आलीस विचारलं नाही. तांदूळ निवडत होत्या, ताटाची एक बाजू माझ्याकडे सरकवली. तांदूळ निवडता निवडता मी त्यांना ते सांगितलं, जे घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी माझी विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत मुलाखत होती. मी जाणार नाही म्हणाले. आई म्हणाली, "जा वं, मी काई पळून नाही जाऊन राहिली." मी गेले. मुलाखत चांगली झाली. बाहेर येऊन फोन सुरू केला, तर भावाचे नऊ मिस्ड कॉल होते. ती नोकरी मला मिळाली नाही, आणि त्याचं मला बरंच वाटलं.

बाईंचा हात ताटात थांबला. "हे लिही," एवढंच म्हणाल्या.

मी लिहिलं. महिनाभर लागला. त्यात नाताळ होता तो एवढाच, की कंपनीच्या स्वागतकक्षात कागदाचे तारे लावले होते आणि मी आत बोलवण्याची वाट पाहत ते मोजत बसले होते. बाईंनी वाचून कागद परत दिले. चांगलं, वाईट काही नाही. "आता यातला एकबी शब्द कोणाले काढू देजो नको," म्हणाल्या. मासिकानं शेवट थोडा आशादायी करा असं कळवलं. मी नाही म्हणून कळवलं. गोष्ट छापून आली नाही. पण ते 'नाही' मी एका दमात लिहिलं, हे मला आठवतं.

त्यानंतरच्या वर्षी बाईंची नजर गेली. एकदम नाही, आधी अक्षरांच्या मधे डाग, मग ओळी वाकड्या, मग चेहरेही धूसर. डॉक्टरांनी सांगितलं, आता सुधारणार नाही. ठवरे सर म्हणाले, काही दिवस शनिवार बंद ठेवू. बाई म्हणाल्या, "डोळे माझे गेले, सर. मत कुठं गेलं?" मला तोवर मिहानमध्येच, दुसऱ्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि वाचनालयातलं काम सुटलं होतं. शनिवारी सुट्टी असे. मी सकाळी त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवायला लागले.

एकदा एका गोष्टीत एक आंधळी म्हातारी नाताळच्या दिवशी एकटीच मरते असा भाग आला. मी तो गाळला आणि सफाईनं पुढं गेले, असं मला वाटलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "मधलं काहून सोडलं?"

"काही नाही सोडलं, बाई."

"तुझा आवाज उडी मारून गेला. मी अंधारात बसून आहे, बहिरी नाही झाली. माह्यावर दया करून वाचू नको. दया करणाऱ्या माणसाजवळून मी गोष्ट ऐकत नसते."

मी मागं जाऊन वाचलं, शेवटपर्यंत. त्या ऐकत होत्या, मान थोडी कलती करून. मग म्हणाल्या, "चांगलं लिहिलं आहे. फक्त म्हातारीले इतकं बोलाले नाही लावाले पाहिजे होतं. मरताना माणूस इतकं बोलत नाही. पाणी मागते."

मागच्या डिसेंबरात त्यांना जिना चढवेना. मग खुर्च्याच त्यांच्याकडे नेल्या. पुढच्या खोलीत सर आणि काका दाटीवाटीनं बसले, आणि बाई पलंगावर, पाठीशी दोन उशा. हृदय कमजोर झालं होतं; एक वाक्य बोलल्या की थांबावं लागे. शेवटच्या शनिवारी मी पुस्तक उघडलं, तर म्हणाल्या, "आज ते नको. तुझी वाच."

मी ती कुणासमोर कधी वाचली नव्हती. सर आणि काकांना तर ती गोष्ट आहे हेही ठाऊक नव्हतं. मी फोनमध्ये शोधून काढली आणि वाचली. कागदाचे तारे, मुलाखत, नऊ कॉल. वाचून झाल्यावर सरांनी नियमाप्रमाणे सांगितलं, की ते कुठल्या वाक्याला रडले. काका म्हणाले, "बेटा, मी सगळ्यालाच रोयलो, मेरा कुछ मत पूछ." मी बाईंकडे वळले.

त्या बराच वेळ श्वास जुळवत होत्या. "गोष्टीवर माझं मत देऊन झालं आहे," म्हणाल्या. "आता तुले एक सांगते, ते तेव्हा नाही सांगितलं. तेव्हा सांगितलं असतं तं तू गोष्ट गोड केली असती." पुन्हा थांबल्या. "मी लई जणाईले जाताना पाहिलं. पोरं उशाशी बसून राहतात, रात्रंदिवस, अन् माणूस जात नाही. पोरगं चहा प्याले बाहेर गेलं, की जाते. मले आधी वाटे, योगायोग. मंग नाही वाटलं. काही माया पोरीसमोर जाऊ शकत नाहीत वं. तुझी माय तुले पाठवत होती. तू तिचं ऐकलं."

काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाईंनी अंदाजानं हात पुढे केला; त्यांना वाटलं मी डावीकडे आहे, मी उजवीकडे होते. मी उठून डावीकडे गेले.

फेब्रुवारीत त्या गेल्या. सकाळची वेळ होती, सोबतीला राहायला आलेली त्यांची पुतणी दूध आणायला बाहेर गेली होती. दफनविधीला जरीपटक्यातला अर्धा बाजार आला होता. कधीकाळी त्यांच्या वॉर्डात असलेली आणि आता मिशा असलेली पाच-सहा माणसंही आली होती. मी रडले. कुठल्या क्षणाला ते सांगता येतं: पेटी खाली सोडताना लालवानी काका दोर धरलेल्या आपल्या दुकानातल्या माणसाला हळूच म्हणाले, "आराम से. मॅडम आहेत."

या नोव्हेंबरात वाचनालयाच्या समितीनं सुचवलं, यंदा शनिवार नकोत, बाईंची आठवण म्हणून एखादा श्रद्धांजलीचा कार्यक्रम करू. सर आणि काका माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, कार्यक्रम नको, शनिवार होतील. सूचना माझ्या हातानं लिहून जिन्याशी लावली. पाच नवी नावं आली आहेत. त्यांत एक कॉलेजातली मुलगी आहे आणि एक रिक्षावाले आहेत.

पहिल्या शनिवारची गोष्ट मी निवडली आहे. ती तीनदा वाचली. दोनदा रडले, एकदा नाही. ती चांगली आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण शनिवारी चार वाजता, कुठल्या वाक्याला रडले ते सर्वांत आधी मीच उभी राहून सांगणार आहे.