लिंबाच्या फळीतला धुळा

कुंडलचे कृष्णात लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण गावाने त्यांना आल्या दिवशीच बढती देऊन मेजर करून टाकलं. आमच्याकडे बढती अशी चहाच्या टपरीवर मिळते. खरं तर पलटणीत त्यांनी बंदुकीपेक्षा रंधाच जास्त धरला होता. सुतारकामाच्या तुकडीत दारं, खिडक्या, साहेबांच्या मुलांचे पाळणे असं सगळं करून झालं होतं. घरचा ऊस धाकटा भाऊ बघत होता, तो पुढेही बघत राहिला, आणि मेजरांनी गोठ्याशेजारच्या खोलीत जाळीची मशीन मांडली.

ही मशीन म्हणजे शिलाई मशीनची लांबची बहीण. फक्त सुईच्या जागी बारीक करवतीचं पातं वरखाली होतं आणि कापडाऐवजी लाकूड फिरवायचं. आधी त्यांनी देव्हाऱ्याच्या जाळ्या केल्या. मग कुणीतरी वडिलांचा फोटो आणला आणि म्हणालं, हे लाकडात होईल का. तेव्हापासून मेजरांना दुसरं काही सुचेना.

कापणं त्यातलं सोपं. अवघड असतं ते आधीचं. फोटोत उजेड आणि सावलीच्या मधे नाना छटा असतात, लाकडाला मात्र दोनच गोष्टी कळतात, ठेवायचं आणि काढायचं. मेजर फोटो झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणत, वर ट्रेसिंग पेपर लावून पेन्सिलीने सावल्या काळ्या करत जात. काळं ते कापून काढायचं, पांढरं ते राखायचं, आणि मागून काळा पत्रा लावला की माणूस समोर उभा. पण जे पांढरं चारी बाजूंनी काळ्यात सापडलं, ते कापताना खाली गळून पडतं. म्हणून प्रत्येक पांढऱ्या तुकड्याला कुठून तरी देठ ठेवावा लागतो. डोळ्यात चमकणाऱ्या ठिपक्यालाही देठ लागतो, नाहीतर माणूस आंधळा दिसतो. असा एकेक देठ शोधण्यात मेजरांची सकाळ सरे आणि त्यांची बायको शालूबाई न्याहारीला हाका मारून थके.

एकदा मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली होती. रहिमतपूरच्या एका लग्नात नवरीचं चित्र मांडवाच्या दाराशी लावायचं होतं. फोटो नवरीनेच स्वतःचा काढून पाठवलेला. मेजरांनी झकास कापला, पत्रा चिकटवला, नेऊन टांगला, आणि वऱ्हाडातल्या पहिल्याच बाईने विचारलं की नथ उजव्या नाकपुडीत कशी. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशातल्यासारखा उलटा येतो, हे त्या दिवशी मेजरांना कळलं. दिवसभर मांडवात तोच विषय चालला होता. तेव्हापासून त्यांनी दोन नियम केले. पहिला, फोटो हातात आला की शर्टाची बटणं, घड्याळ, नथ, पदर बघून तो सुलटा की उलटा हे आधी ठरवायचं. दुसरा, घरच्या माणसांनी बघितल्याशिवाय मागचा पत्रा चिकटवायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात आटपाडीकडच्या वाडीतून सुलाबाई आली. ती आणि तिचा नवरा धुळा यांची मेंढरं पंचवीस वर्षं दर हंगामाला मेजरांच्या रानात खतासाठी बसत आली होती. धुळा श्रावणात गेला. आता मेंढरांमागे मुलगे होते, आणि सुलाबाईबरोबर तिची नात सोनम होती, विट्याला कॉलेजात शिकणारी. टेम्पोतून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली कडुलिंबाची एक फळी उतरवली.

"मेजर, ह्यो आमच्या दारातला लिंब," सुलाबाई म्हणाली. "त्येनंच लावल्याला. वावटळीत पडला, फोडला तर आतनं समदा पोकळ. धड अशी ही एवढीच फळी निघाली. हिच्यात म्हाताऱ्याला काढून द्या. वरसाच्या जेवणाला भित्तीवर हुबा ऱ्हायला पायजे."

"फोटू हाय का, मावशी?"

फोटो एकच होता, सोनमच्या मोबाइलात. डोक्याला मुंडासं, गालावर चारदोन दिवसांची दाढी, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि नजर कॅमेऱ्याकडे नसून पलीकडे कुठेतरी मेंढरांकडे. मेजरांनी तो मागून घेतला आणि सुलाबाईला सांगितलं की काळजी करू नकोस, धुळा आमच्याही घरचाच होता. हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

ट्रेसिंग पेपर लावला आणि मेजर थबकले. घोंगडं उजव्या खांद्यावर, काठी डाव्या हातात. त्यांनी आजवर बघितलेल्या मेंढक्यांचं घोंगडं डाव्या खांद्यावर असे आणि काठी उजव्या हातात. बटणं घोंगड्याखाली झाकलेली, घड्याळ नाही. म्हणजे पोरीने पुढच्या कॅमेऱ्याने काढला असणार, बरोबर रहिमतपूरसारखाच. मेजरांना स्वतःचं कौतुक वाटलं. त्यांनी ट्रेसिंग पेपर उलटा केला आणि धुळाला सुलटा करून टाकलं.

"आवं, पोरीला फोन करून इचारा की एकदा," शालूबाई म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? फोटूच बोलतोय की," मेजर म्हणाले, आणि तेही ज्या आवाजापुढे शालूबाई कधी बोलत नसे त्या आवाजात.

पंधरा दिवस नुसतं काळं-पांढरं चाललं होतं. मुंडाशाच्या घड्या सरळ सुटल्या. दाढीने मात्र घाम काढला, कारण पांढऱ्या खुंटांना देठ द्यावेत तर ती दाढी न राहता जाळी व्हायला लागली. शेवटी त्यांनी दाढी गालाच्या सुरकुत्यांना जोडून दिली. म्हाताऱ्या माणसाचं हे एक बरं असतं, त्याच्या चेहऱ्यावर धरायला जागा असतात. मग फळीवर कागद डकवला, प्रत्येक काळ्या भागात भोक पाडलं, त्यातून पातं ओवलं आणि कापायला घेतलं. लिंबाचा भुसा कडू, दिवसभर जिभेवर बसायचा, चहाही कडू लागायचा. पाती मोडली ती वेगळीच. पण डोळ्यातला ठिपका देठासकट शाबूत राहिला तेव्हा मेजरांनी मशीन बंद केली आणि शालूबाईला हाक मारून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "धुळाच की वं."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दोघं एसटीने निघाली. फळी टॉवेलात गुंडाळून मेजरांच्या मांडीवर, काळा पत्रा शालूबाईच्या पिशवीत. सुलाबाईच्या ओसरीवर सारवण झालं होतं, चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं. मेजर पत्रा काढायला लागले, तर सुलाबाईने हाताने थांबवलं.

"पत्रा कशाला? काळं हाय की घरात."

तिने खुंटीवरचं घोंगडं काढलं, धुळाचंच, आणि ओसरीवर पसरलं. मेजरांनी फळी त्यावर ठेवली. काळ्या लोकरीवर धुळा वर आला. मुंडासं, सुरकुत्या, डोळ्यातला ठिपका, सगळं होतं. सोनम म्हणाली, "आज्जा हाय हुबेहूब." मेजरांची छाती जरा फुगलीच.

सुलाबाई वाकून बघत होती. मग तिने काठीवर बोट ठेवलं.

"ही हिकडं कशी?"

"उजव्या हातात हाय की, मावशी. फोटू उलटा आल्ता, म्या सुलटा केला."

"न्हाई वं," सोनम हळूच म्हणाली. "मी मागल्या कॅमेऱ्यानं काढलाय. आज्जा डावरा हुता."

मेजर ओसरीच्या काठाला टेकले. सुलाबाई अजून बोटाने तीच जागा चाचपत होती. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मेजरांना सोसेना.

"लग्नात मला घास भरवला त्यो बी डाव्या हातानं. मांडव हसला हुता समदा. मला लय लाज वाटली तवा. मग मेंढरामागं निगालो तर काठी त्येच्या डाव्या हातात, म्हंजी मी उजव्या अंगाला. चाळीस वरसं ही माजी बाजू. म्या चालायची तितं तुमी काठी दिली."

पंचवीस वर्षं या माणसाची मेंढरं मेजरांच्या रानात बसली होती. रजेवर आले की बांधावर दोघांचं बोलणं होई, धुळाने त्यांना मशेरी दिली होती, गोफणीतून दगड भिरकावून कोल्हं हाकललं होतं. कुठल्या हाताने, हे मेजरांना आठवेना. त्यांनी बघितलंच नव्हतं. मेंढका कसा असतो ते त्यांना ठाऊक होतं, धुळा कसा होता ते नव्हतं. आणि अशी फळी तर दुसरी नव्हती, उरलेला लिंब त्या मोठ्या पातेल्याखाली जळत होता.

"चुकलं माजं, मावशी," ते म्हणाले. "इचारायला पायजे हुतं. शालू म्हणत बी हुती."

शालूबाईने मान खाली घातली. उद्या सोयरेधायरे येणार, भिंतीवर परका माणूस टांगलेला असणार, असं मेजरांच्या डोक्यात फिरत होतं. दुसऱ्या लाकडात करून देतो म्हणावं, तर तो लिंब धुळाने लावलेला नसणार.

सुलाबाईने फळी दोन्ही हातांत घेतली. ती आता गुंडाळून ठेवणार, असं मेजरांना वाटलं. तिने ती दाराच्या उजेडाकडे धरली, आरपार पडलेल्या भोकांतून क्षणभर अंगण बघितलं, आणि मग तव्यावरची भाकरी उलटावी तशी उलटून पुन्हा घोंगड्यावर ठेवली.

काठी डाव्या हातात गेली. घोंगडं उजव्या खांद्यावर आलं. धुळा पलीकडच्या मेंढरांकडे बघत होता, नेहमी बघायचा तिकडे.

ज्या दिवशी कागद डकवला त्या दिवशी तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे मेजरांनी मनात पक्कं केलं होतं. इतकी वर्षं चित्रं कापून एकाचीही पाठ त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. पाठीकडे पातं लाकडाचे तंतू ओढतं, तिथे गुळगुळीत काही राहत नाही. ते घाईने पुढे सरकले.

"द्या हिकडं, मावशी. पाट हाय ती, लय खरबरीत. पॉलिश पेपर हाय पिशवीत, घासून देतो."

सुलाबाईने धुळाच्या गालावरून तळवा फिरवला. एकदा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दाढी बी आशीच लागायची."

सोनमने खिळा ठोकायला हातोडी आणली, तर आज्जीने उद्या ठोक म्हणून सांगितलं. घोंगड्यासकट फळी तिने भिंतीला टेकवून ठेवली. मग काठी नव्हती त्या अंगाला सरकून ती फळीशेजारी बसली, आणि मेजरांना म्हणाली, "बसा की, चा ठेवती पोरगी."