मगदूम सर आणि शिरोळची शाळा

मगदूम सर अहवालात ‘सुरक्षित’ हा शब्द कधी लिहीत नसत. जमीन किती भार पेलेल ते सांगणारे ते सल्लागार इंजिनिअर. राजारामपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस आणि हाताखाली मी एकटी. अहवालाच्या शेवटी, इमारत दगा देण्याची शक्यता शंभरात किती, एवढंच ते लिहायचे. “चार भोकं पाडून आख्ख्या रानाची जबानी द्यायची व्हय?” ते म्हणायचे. “माती चार पावलांवर बदलती, पोरी.”

शिरोळला नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर तीन मजली शाळा व्हायची होती. सरांनी लिहिलं, या पायावर खचण्याची शक्यता शंभरात तीन. पाया आणखी खोल न्या. शाळा बांधणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तो अहवाल घेऊनच ऑफिसात आले.

“सर, पडंल का न्हाय, तेवढं सांगा.”

“ते मला ठावं न्हाय.”

“मग तुमाला कशाला इचारायचं?”

“तुमालाबी ठावं न्हाय, हे कळावं म्हणून.”

अध्यक्षांनी दुसरा इंजिनिअर गाठला. शाळा त्याच उथळ पायावर झाली, दोनदा पुराचं पाणी तिच्यात शिरून गेलं, तरी ती उभी राहिली. मगदूम उगाच भीती घालतात, अशी बोलवा झाली. कामं आटली. घरी त्यांचं कुणी नव्हतंच. आता ऑफिसचा फोनही वाजेना.

एकदा मी धीर करून विचारलं, “सर, आपलं चुकलं का?”

“शंभरातल्या सत्त्याण्णव उभ्याच ऱ्हाणार हुत्या की. ही ऱ्हायली म्हणून मी चुकलो न्हाय. पडली असती तरी बरोबर ठरलो नसतो.”

पूर ओसरला की सर एसटीनं शिरोळला जात. लोक म्हणत, शाळा पडायची वाट बघतोय. एका वर्षी मी सोबत गेले. सरांनी तळहातानं भिंती चाचपत इमारतीला सावकाश फेरी घातली. कुठं नवी चीर नव्हती. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, “कुणाला न्यायला आलाय, पावणं?”

“कुणाला न्हाय.”

तेवढ्यात शाळा सुटली. शेवटचं पोर फाटकाबाहेर पडेपर्यंत सर जागचे हलले नाहीत. मग म्हणाले, “दर पुरानंतर हिला बघत जावं लागंल.” कोणी, ते मी विचारलं नाही.

त्याच वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा म्हणाले, “जा. हितं काय ऱ्हायलंय.” पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. मला चार दिवसांनी कळलं.

यंदा कृष्णेचं पाणी पुन्हा शाळेपर्यंत गेलं होतं. मी शिरोळला गेले नाही. पुण्याहून लांब पडतं, असं मी स्वतःला सांगते.