चौथ्या खाणीचा पंप

जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शन या कोळसाखाणींच्या गावात डेटलेफ ग्राबोशला लोक ओळखायचे ते पत्रे बडवणारा म्हणून. त्याच्या बँडमध्ये गिटार नव्हती. होती ती तेलाची पिंपं, लोखंडी साखळ्या, भोकं पाडायचं यंत्र आणि त्यावर गळा फाडून ओरडणारा एक गायक. त्या ओरडण्यामागे डेटलेफने तरुणपण पिंपं बडवण्यात घालवलं. मग गायकाशी भांडण झालं आणि पस्तिशीला टेकल्यावर त्याने ठरवलं, आता रेकॉर्ड काढायची ती एकट्याच्या नावावर.

ठरवलं खरं, पण ठेका सापडेना. काहीही वाजवलं तरी जुन्या बँडचंच वाटायचं. त्याच सुमारास आई तिच्या आजारी बहिणीकडे गेली आणि बाबांना सोबत म्हणून डेटलेफ घरी राहायला आला. बाबा म्हणजे एवाल्ड ग्राबोश, उभा जन्म कोळशाच्या खाणीत घातलेला माणूस. खाणीने त्यांना पेन्शन दिलं आणि छातीभर धूळ दिली. दुपारी जेवून ते सोफ्यावर कलंडत आणि मग छाती बोलायला लागे. श्वास आत घेताना बारीक शिट्टी, मागोमाग घरघर, मग काहीतरी अडकल्यासारखी शांतता आणि शेवटी खोकल्याचा धक्का. पेपर वाचत बसलेल्या डेटलेफचं बोट आपसूक गुडघ्यावर ताल धरू लागलं.

दुसऱ्या दुपारी त्याने सोफ्याखाली टेपरेकॉर्डर सरकवला. बाबांना विचारावं असं मनात आलं होतं. पण सांगितलं तर ते मुद्दाम नीट श्वास घेतील, मजा जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

रेकॉर्डमधलं पहिलंच गाणं त्या ठेक्यावर उभं राहिलं. कव्हरवर त्याने छापलं, ‘बंद पडलेल्या चौथ्या खाणीतल्या हवेच्या पंपाचा आवाज’. एका मासिकाने लिहिलं, मरू घातलेल्या यंत्राची घरघर आजवर कुणाला अशी पकडता आली नव्हती. तो अंक डेटलेफ कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडला.

बाबांना त्याच्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे. पण कव्हरवर पोराचा एकट्याचा फोटो पाहून त्यांची छाती फुगली. शर्यतीची कबुतरं पाळणारी त्यांची म्हातारी दोस्तमंडळी रविवारी गुत्त्याच्या मागच्या खोलीत जमत. तिथे रेकॉर्ड लावायची असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं.

“बाबा, नाही आवडणार हो त्यांना,” डेटलेफ फोनवर म्हणाला.

“त्यांना कबुतरांच्या शिटेचा वास आवडतो. हे का नाही आवडणार? ये तू.”

तो गेला. गुत्तेवाल्याने सुई टेकवली. शिट्टी आली, घरघर आली, अडकलेली शांतता आली. खोकला आला तेव्हा खोलीतले सगळे ग्लास खाली टेकले होते. त्या खोलीतल्या निम्म्या छात्या तशाच वाजत होत्या, आणि कोणाची कशी वाजते हे एकमेकांना पाठ होतं.

“कुठला रे हा पंप?” बाबांच्या शेजारी खाणीत राबलेला कुनो म्हणाला. “एवाल्ड, अरे हा तर...”

एवाल्ड ग्लासातल्या फेसाकडे बघत होते. त्यांची छाती त्या क्षणी तेच वाजवत होती, रेकॉर्डच्या किंचित मागून. डेटलेफची मान वर करायची हिंमत होईना.

“पंपच आहे तो,” बाबा म्हणाले. “चौथ्या खाणीतला, खालच्या बोगद्यातला.”

“लेका, त्या बोगद्यात मी तुझ्याबरोबर...”

“तुला झोपेतून उठवायला मीच लागायचो. तुला काय पंपाचं माहीत? बिअर पी गप.”

कुनोने डेटलेफकडे एकदा पाहिलं आणि बिअर प्याला. गाणं संपलं तेव्हा पहिली टाळी बाबांनी वाजवली.

घरी जाताना डेटलेफ कसंबसं म्हणाला, “बाबा, माझं चुकलं.”

“विचारायचं होतंस, पोरा. जरा दाढी तरी करून झोपलो असतो.” बाबा हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, तसे ते भिंतीकडे वळले आणि रुमाल तोंडात कोंबून उभे राहिले.

पुढच्या छपाईत डेटलेफने ते गाणं काढायला लावलं. “खपतं तेच गाणं काढतोस? डोकं फिरलंय का?” म्हणून कंपनीवाला चिडला. कार्यक्रमात पोरं “पंप! पंप!” ओरडत आणि तो दुसरंच काहीतरी बडवायला घेई.

एवाल्ड जिवंत होते तोवर डेटलेफ दर रविवारी घरी जेवायला जात राहिला. पूर्वी ताटावरच खोकणारे बाबा आता जेवताना उबळ आली की उठत, न्हाणीघरात जाऊन दार लावून घेत आणि नळ पूर्ण सोडत.

“एवाल्ड, पाणी काय फुकट येतं का?” आई ओरडे.

“हात धुतोय गं!” आतून आवाज येई.

डेटलेफ वाटाण्याच्या सारात चमचा फिरवत बसे. बाबा परत येऊन बसेपर्यंत त्याच्याने आईकडे बघवत नसे.