आलापल्लीच्या गाडीतला पितळी बंब

आता मी गाडी चालवत नाही. पण समोर कोणी काडी ओढली की अजून तोंडातून निघतंच, "भाऊ, जरा तिकडं होऊन पेटव." लोक हसतात. मग एखादा विचारतो, "काऊन जी, एवढे काऊन घाबरता?" झालं. चहा येतो आणि एक सांगता सांगता मला दुसरं आठवतं. उन्हाळ्यात अंगणातला पाचोळा सकाळी झाडावा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच पडलेला असतो. या किश्श्यांचंही तसंच आहे. सगळे एकाच गाडीचे, एकाच मालकाचे आणि एकाच पितळी बंबाचे. तुम्ही खुशाल हसा. मला तेव्हा यातल्या एकाही गोष्टीवर हसू आलं नव्हतं, डोकं फिरायचं नुसतं.

*

एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा सुमार. चांदा, म्हणजे आताचं चंद्रपूर, ते आलापल्ली आमची एकच गाडी धावायची. लढाईतला मोडीत निघालेला ट्रक मालकांनी घेतला आणि त्यावर सागवानी बॉडी बसवली. सागाला आमच्याकडं काय तोटा! बाकं साग, छत साग, खिडक्या साग. मागच्या माणसांना दार मात्र एकच, तेही मागं; पुढं आमच्या सीटला वेगळी दारं, पण मधे आडवी फळी.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "मालक, इंजिन पेट्रोलचं, वरून सगळं लाकूड, अन् दार एकच. पुढं पेटलं तर माणसं उतरतीन कशी?"

मालकांच्या तोंडात बिडी असायची. बोलताना असायची, हिशेब करताना असायची, मला वाटतं झोपेतही असावी. तेंदूपत्त्याचा धंदा होता ना त्यांचा. त्यांनी शांतपणे धूर सोडला.

"तू पेटू देऊ नको," ते म्हणाले.

तेव्हापासून स्टेअरिंगवर बसलो की पाठीमागची माणसं मला पाठीला जाणवायची. म्हातारी, लेकुरवाळी, बाजाराला निघालेली. आणि दार एकच.

*

कार्बोरेटर ठिपकायचा, थेंब थेंब पेट्रोल. पॅकिंग बदललं तरी ठिपकायचा, साबण लावला तरी ठिपकायचा. इंजिननं उलटा फटका मारला की बॉनेटखाली भपकन जाळ.

पहिला जाळ झाला गोंडपिंपरीच्या अलीकडं. आमचा क्लीनर लटारी. क्लीनरही तोच आणि कंडक्टरही तोच. माणूस कामाचा, पण दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप. त्यानं धानाचं पोतं ओलं केलं आणि बॉनेटवर टाकलं. मी मागं धावत जाऊन ओरडलो, "उतरा, सगळे उतरा."

सगळे उतरले. एक म्हातारी उतरेना. मांडीवर कोंबडी, बसली ठाण मांडून.

"आजी, गाडी पेटली. उतर."

"तिकीट आष्टीचं हाय माह्यं. मी इथी काऊन उतरू?"

"अवो आजी, आग हाय."

"मंग विझवा न. मी बसतो."

आग विझली म्हणून बरं. गाडी निघाली तेव्हा सगळ्यांना धक्काबुक्की करून जागा मिळवावी लागली. म्हातारी आणि कोंबडी खिडकीशी तशाच.

*

ही बातमी मोटर इन्स्पेक्टरच्या कानावर गेली. साहेब आले, नाकात चिमूटभर तपकीर कोंबली आणि म्हणाले, "आग विझवायचा बंब ठेवा, नाहीतर गाडी बंद."

मालक नागपूरला जाऊन बंब घेऊन आले. हातभर लांब, पितळी, होळीच्या पिचकारीसारखा. दांडा ओढायचा, ढकलायचा, पुढच्या भोकातून औषधाची धार. मी इतका खूश झालो की विचारू नका. ड्रायव्हर सीटच्या बाजूला स्वतः कडी ठोकली आणि त्यात बंब बसवला. त्या दिवशी कित्येक दिवसांनी माझी पाठ सीटला टेकली.

संध्याकाळी मालकांनी मला आणि लटारीला बोलावलं.

"हे पाहा, हे औषध नागपूरशिवाय भेटत नाई. बंब दाखवाले हाय, वापराले नाई."

"अन् आग लागली तर?"

"पोतं नाई का?"

*

दसरा आला. गाडीची पूजा. मालकीणबाईंनी बॉनेटला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग त्यांना बंब दिसला. लटारीनं चिंच लावून घासला होता, सोन्यासारखा चमकत होता. बाईंनी त्याला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वरून शेंदूर. नेमकं धारेच्या भोकावरच. शेंदूर तेलातला, सुकून दगड झाला. मी सुई घेऊन कोरत बसलो तर मालकीणबाई म्हणाल्या, "रामभाऊ, देवाले टोचू नका."

पुढं जंगलातल्या गावातल्या बाया गाडीत चढल्या की आधी बंबाला हात जोडायच्या, मग बसायच्या. माझ्याकडं कोणी बघायचंही नाही. गाडी चालवतो कोण, तर मी.

*

इथपर्यंत निदान आत औषध तरी होतं. मग मालकांच्या पुतण्याचं लग्न निघालं मूल गावाला.

सकाळी पाहतो तर कडी रिकामी. लटारीला विचारलं, त्यानं मूलच्या दिशेनं मान हलवली. दोन दिवसांनी बंब परत आला, वास गुलाबाचा. मांडवाच्या दारात वऱ्हाड्यांच्या अंगावर गुलाबपाणी उडवलं होतं त्यातून. म्हणे गुलाबदाणी छोटी पडत होती.

मी पुतण्याला गाठलं. "अन् आतलं औषध?"

"मोठं घाण वासाचं पाणी होतं जी काका त्यात. नालीत ओतलं. भोकातला शेंदूर खरडला, तुमचा बंब चार वेळा धुऊन देल्ला."

वर उपकार. मी मालकांकडं गेलो. "मालक, बंब रिकामा हाय. औषध आणा."

"कोणाले दिसते रिकामा? पाणी भर."

"पाण्यानं पेट्रोल विझत नाई, मालक. उलटं पसरते."

"मंग तर वापरूच नको."

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत. इथं तर पखालीतही औषध नव्हतं! घरी जाऊन मी बायकोवर उगाच खेकसलो. तिनं विचारलं काय झालं, तर सांगू काय? बंबात पाणी आहे म्हणून?

*

इन्स्पेक्टर पुन्हा आले. बंब हलवून पाहिला, आत खळखळ वाजलं. टोपण काढून वास घेतला. मानेनंच नाही म्हणाले.

"हे पाणी आहे. औषधाला उग्र वास येतो. पुढच्या वेळी वास आला नाही तर गाडी बंद."

गाडी बंद म्हणजे मी घरी, लटारी घरी. लटारीचं तर नुकतंच लग्न झालेलं. बायको सगुणा, आष्टीच्या पलीकडच्या गावची, तोंडानं फटकळ. लटारी जितका मुका तितकी ती बोलकी. "दोघांचं मिळून बराबर होते," असं तीच सांगायची. लटारी त्या दिवशी बराच वेळ बंबाकडं पाहत बसला होता.

त्याच दिवसांत आणखी एक भानगड झाली. हिवाळ्यात सकाळी आमची गाडी सुरू होत नसे. चोचीच्या कुपीतून कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल उडवायचं, मग हँडल मारायचं, अशी आमची रीत. ती कुपी आष्टीला गाडी नावेवर चढवताना वैनगंगेत पडली. मी कपाळावर हात मारला. आता हँडल मारून मारून खांदे उतरणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारी म्हणाला, "डायवरभाऊ, तुमी सीटवर बसा." तो बॉनेट उघडून आत वाकला, खुडबुड केली, पुढं येऊन एक हँडल मारलं. गाडी सुरू.

तेव्हापासून रोज एका हँडलात. मी विचारलं, "कोणती जादू करून राह्यला बे?"

"जुगाड हाय," तो म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं ते शेवटचं वाक्य.

पुढच्या तपासणीला इन्स्पेक्टर आले, तपकिरीनं नाक लाल झालेलं. बंब हलवला, खळखळ. वास घेतला आणि मागं सरकले.

"हां! आता आला वास. याला म्हणतात औषध. पास."

मी लटारीच्या पाठीवर थाप मारली. आणलं कुठून, ते विचारलं नाही. वाटलं, मालकांनाच शेवटी बुद्धी सुचली असेल. मला तरी कसलाच वेगळा वास आला नाही. आमच्या त्या गाडीत सीटपासून डब्यातल्या भाकरीपर्यंत सगळ्यालाच पेट्रोलचा वास. पण जीव हलका झाला, हे खरं. बंब भरलेला, माझ्या हाताशी. पुन्हा पाठ टेकून बसू लागलो.

*

आता शेवटचा सांगतो, मग चहाचे पैसे तुम्हीच द्या.

उन्हाळा, तेंदूपत्त्याचा हंगाम. गाडी खचाखच. त्या दिवशी मालक स्वतः पुढच्या सीटवर, आलापल्लीला त्यांचं फडीवर, पत्ता गोळा करायच्या जागी, काम होतं. मागं मधल्या बाकावर सगुणा. दिवस भरत आलेले, माहेरी निघाली होती बाळंतपणाला. लटारी पुढच्या पायरीवर लटकून होता, पण दर मैलाला वाकून मागं तिच्याकडं पाहत होता.

नदी ओलांडली, आष्टी मागं पडली, चढ लागला. अर्ध्या चढात इंजिननं फटका मारला आणि बॉनेटच्या दोन्ही बाजूंनी जाळ आला. पोत्यानं विझेल असा नव्हता. पुढचं सागवानी फळकूट काळं पडायला लागलं होतं. मी ब्रेक दाबला, चाकांना दगड लावायला ओरडलो आणि बंबासाठी हात घातला.

कडी रिकामी.

खिडकीतून पाहतो तर लटारी बंब छातीशी धरून रानात पळतोय. मागं वळूनही पाहत नाही.

"लटारी! बंब आण इकडं! अबे कुठी चालला?"

तो आणखीच जोरात पळायला लागला. मालक उडी मारून खाली उतरले. मागं दारात ही गर्दी, एकमेकांच्या अंगावर पडताहेत, आणि सगुणा आतच. मी त्या दारातून कसा घुसलो देव जाणे. तिला काखेत धरून खाली आणली आणि रस्त्याच्या कडेला बसवली. लोकांनी ओंजळीओंजळीनं माती टाकली. पत्ता तोडणारी माणसं पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धावली. एका बाईनं आपलं आंबिलीचं मडकं उपडं केलं इंजिनवर. आग विझली. बॉनेटचा रंग गेला, पुढची फळी जळाली, गाडी वाचली. माणसं वाचली सगळी. मी रस्त्यातच बसलो आणि सांगायला लाज नाही, रडलो.

लटारी? तो लांब, पार लांब, एका मोहाच्या झाडाखाली उभा. बंब छातीशी तसाच. कोणी त्याच्याकडं जाऊ लागलं की हा दोन पावलं मागं सरकायचा.

लोक काय काय बोलले म्हणून सांगू. "बायको आत जळत होती अन् हा पितळ घेऊन पळाला." "मालकानं वापरू नको सांगतलं होतं न, म्हणून वाचवलं लेकानं." माझ्याही मनात हेच होतं. मालकांनी 'दाखवाले हाय' म्हटलं आणि या बैलानं ते असं डोक्यात धरलं! मला त्या दोघांनाही झोडपावंसं वाटत होतं.

सगुणाला पाणी दिलं तर प्याली नाही. मग एकदम म्हणाली, "त्याले म्हणा, आता त्या पितळासंगंच संसार कर. मी माहेराहून येत नाई."

मालकांनी नवी बिडी पेटवली आणि तरातरा झाडाकडं निघाले. मी मागं, माझ्या मागं सगुणा, पोट सांभाळत. तिला त्याला तोंडावर सुनावायचं होतं.

लटारी मागं सरकून सरकून झाडाच्या बुंध्याला टेकला. मालकांनी बंब त्याच्या हातातून हिसकला.

"नालायका, बायकोपेक्षा याची काळजी? आण, पाहू दे मले, चालते का नाई थे."

त्यांनी बंब पोटाशी धरला, बिडी दातात घट्ट दाबली आणि दांडा ओढला.

लटारी माझ्याकडं पाहत होता, मग त्याची नजर माझ्या मागं उभ्या सगुणाकडं गेली. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य तेव्हा आलं, अगदी हळू.

"मालक, पहिले बिडी फेका."