‘वायला’वर थांबवलेल्या सात प्रतिक्रिया

शालन गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठीच यादी करत होते. दोन चादरी, थर्मास, जुने रिपोर्ट, चष्म्याची डबी… दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा गोव्याच्या इस्पितळात न्यायचं होतं, गाडी सांगून ठेवली होती. सकाळचे अकरा वाजले होते. तिची घरमालकीण एवढंच म्हणाली, “बाईनू, शालन काय उठत नाय.” मी कागद उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर नवी यादी सुरू केली. डॉक्टरचा दाखला. गाडी रद्द. विश्रामला कळवणे. आज काही आठवड्यांनी तो कागद समोर आहे. दोन्ही बाजूंचं अक्षर अगदी सारखं आहे, कुठे रेघसुद्धा हललेली नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. अठ्ठ्याण्णव साली बदली होऊन मालवणच्या कचेरीत आले, तेव्हा शालन तिथे टंकलेखिका होती. बाप होडीवर, आई बाजारात मासे विकायला, आणि घरात शिकलेली ही एकटीच. पहिल्याच दिवशी तिने माझा डबा उघडून पाहिला आणि विचारलं, “ह्यां काय गो, जेवाण की औषध?” त्यानंतर रोज काही ना काही. माझं चालणं, माझी ‘ळ’ म्हणायची पद्धत, माझ्या याद्या. दोन महिने मी धरून चालले होते की या बाईला माझा तिटकारा आहे. मग मला ताप आला, आणि ही भर पावसात सोलकढीचा तांब्या घेऊन माझ्या खोलीवर हजर. “मेलंस तर तुज्यो फायली कोण बघतलो? उठ, पी.” तेव्हा मला कळलं की इथे जो आपला कोणी नसतो त्याच्याशीच गोड बोलतात. हे मला कळलं होतं, एवढं इथे मुद्दाम नोंदवते. पुढे लागेल.

तिचा एकच भाऊ, विश्राम, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. घर किनाऱ्याला, कचेरीपासून दहा मिनिटांवर. दोन हजार एकमध्ये त्यांची आई अंथरुणाला खिळली. शालनने तिला गोव्याला हलवलं, विश्रामचं म्हणणं होतं की घरीच राहू दे. आई चार दिवसांत तिथेच गेली. परतीच्या वाटेवर, आईच्या शेजारी बसून, तो बहिणीला म्हणाला, “परक्या गावात मारलंस तिका.” एवढंच. शालनने त्याच महिन्यात बाजारपेठेत खोली घेतली. नऊ वर्षं दोघं एका गावात राहिली, एकाच बाजारात मासे घेतले आणि एकमेकांशी बोलली नाहीत. समोरून आला तर ती उभी राहायची, तो जाईपर्यंत. “माज्या पायाखालची वाट मी सोडूची नाय, आणि त्याची अडवूची नाय,” म्हणायची.

दोन हजार सहाला तिने जुना संगणक घेतला आणि ब्लॉग काढला. नाव ‘वायल’. चुलीच्या बाजूला जे दुसरं लहान तोंड असतं, ज्यावर एखादं भांडं मंद शिजत राहतं, ते वायल. त्यावर ती आईच्या हातचं एकेक रांधप लिहायची. लिहिणं तिचं, बाकी सगळं माझं, अशी वाटणी आपोआप झाली. लोकांना वाटतं ब्लॉग म्हणजे बसलं आणि लिहिलं. अर्ध्या वाचकांच्या संगणकावर मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटायचे. “माजो बांगडो चौकोनी दिसता म्हणतत,” ती हसायची, आणि मी प्रत्येकाला फॉन्ट कसा बसवायचा याच्या सूचना धाडत बसायची. तिला वरची पट्टी आमसुलाच्या रंगाची हवी होती. तो रंग बसवताना माझ्या हातून टेम्प्लेटमधला एक कंस उडाला आणि सगळं पान पांढरं पडलं. तीन दिवस ‘वायल’ विझलेलं. तेव्हापासून माझ्या वहीत नियम झाला: काहीही बदलायच्या आधी मूळ प्रत काढून ठेवायची, आणि दर एक तारखेला सगळ्याचा बॅकअप. फोटो चढायला माशाचं तिखलं शिजण्याएवढा वेळ लागायचा, आणि शेवटच्या मिनिटाला वीज जायची. बाजूच्या रकान्यात आलेल्यांचा आकडा दाखवणारी खिडकी लावली तर ती उड्या मारायला लागली. टक्कल घालवणाऱ्या औषधांच्या जाहिराती प्रतिक्रियांत घुसायच्या, त्या मी रोज निपटून काढायची. शालनचा स्वतःचा नियम एकच. प्रतिक्रिया देणाऱ्या प्रत्येकाला त्याच दिवशी उत्तर. “दारात इलेल्याक पाणी तरी विचारूक व्हया,” असं तिचं म्हणणं.

एकदा मी विचारलं, एवढं कोणासाठी लिहितेस? ती मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “एकासाठी. तो वाचता काय नाय, माका म्हायत नाय.” जरा वेळाने… “घराक बोलवल्यान तर जातलंय. बोलवल्याशिवाय नाय.”

दोन हजार नऊमध्ये तिला कर्करोग निघाला. तिने तेही ‘वायला’वर लिहिलं, माशाच्या कालवणाबद्दल लिहावं तसंच: केस कसे गेले, जिभेची चव कशी गेली, आणि चव गेलेल्या माणसाने मीठ कसं मोजायचं. वाचक वाढले. वाढले तसे ओंगळही आले. कोणी लिहिलं, दुखण्याचं भांडवल करते. कोणी लिहिलं, फोटोत तर बरी गुटगुटीत दिसते. आधी ती हसली, मग दोन आठवडे तिने काही लिहिलंच नाही. मला राग आला की मी नियम करते. मी ब्लॉगची सोय बदलली: यापुढे प्रत्येक प्रतिक्रिया आधी माझ्याकडे येणार, मी मंजूर केली तरच दिसणार. आणि एका कागदावर ठळक अक्षरांत नियम लिहून तिच्या संगणकामागच्या भिंतीवर चिकटवले. त्यातला तिसरा असा होता: ‘पहिल्या शब्दांत शिवी असल्यास पुढे न वाचता थांबवणे. शालनला सांगू नये.’ काढून टाकणे असं मी लिहिलं नाही. कचेरीतली सवय. आम्ही नस्ती बंद करतो, फाडत नाही.

तिने भिंतीकडे पाहिलं. “सरकारी चूल झाली ही,” म्हणाली. पण तिच्यात वाद घालायची ताकद उरली नव्हती. पुढे तर संगणकासमोर बसणंही जमेना. ती पलंगावरून सांगायची, मी टंकायची. पाच वाजता कचेरी सुटली की मी तिथे पोचायची, आणि रोज तिचा पहिला प्रश्न: “कोण कोण इला?” मी मंजूर झालेल्या प्रतिक्रिया वाचून दाखवायची. दुबईहून एक बाई, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ, शिरोड्याची एक शिक्षिका. ऐकून झालं की ती विचारायची, “आणि?” मला माहीत होतं ती कोणाचं विचारतेय. मी म्हणायची, “नाही. आणखी कोणी नाही.” ती भिंतीकडे तोंड करायची. सात महिने मी हे वाक्य रोज म्हटलं. मी खोटं कधी बोलत नाही, असा माझा स्वतःबद्दल समज आहे.

शेवटच्या पंधरवड्यात तिने गोव्याला जायला नको म्हटलं. “माका समुद्राचो आवाज येयत असा खंयतरी ठेव.” मी म्हटलं, आपण नियमाप्रमाणे उपचार पूर्ण करू. गाडी ठरवली, यादी करायला घेतली… आणि ती बाजारपेठेतल्या त्या खोलीत, जिथे दिवसभर रिक्षांचा आवाज येतो, एकटी गेली.

विश्राम स्मशानात आला. सगळं त्यानेच केलं. बाराव्यानंतर दुपारी तो खोलीवर आला, बहिणीचं सामान न्यायला. मी सामानाची यादी तयार ठेवली होती. त्याने ती हातात घेतली, पाहिली नाही. पलंगाच्या कडेला बसला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

“बाईनू, एक विचारू? माजी चिडच होती तिका?”

मी म्हटलं, “ती तुमची वाट पाहत होती.”

“मगे उत्तर कित्याक देवक नाय? पुण्याच्या म्हाताऱ्याक देता, दुबयच्या बायलेक देता, माका नाय. सायबर कॅफेत बसान एका बोटान टायप केलंय मी. सात येळा.”

“तुमची एकही प्रतिक्रिया आली नाही. तुमचं नाव मी लगेच…”

“सख्ख्या भावान सही करूची?”

मग त्याची नजर भिंतीवर गेली. तो उठला, कागदाजवळ गेला आणि ओठ हलवत वाचू लागला. तिसऱ्या नियमावर थांबला. परत वाचला.

“ह्यां कोणी लिवल्यान?”

“मी.”

“पयल्या शब्दांत शिवी आसली तर पुढे वाचूचा नाय.” तो जवळजवळ हसला. “बाईनू, मग आमच्या घरात बोलूचा कोणी?”

मी संगणक सुरू केला. परवलीचा शब्द पहिल्याच खेपेला बरोबर पडला. थांबवलेल्यांची रांग उघडली. जाहिराती, ओंगळ माणसं, आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी अक्षरांत टंकलेल्या मालवणीतल्या, नाव नसलेल्या सात. प्रत्येकीचे पहिले दोन शब्द मला ओळखीचे वाटले. एक सोडून बाकीच्यांचं पुढचं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

‘गो म्हशी, तिरफळां खंय गेली? आवशीचा नाव घालवलंस.’ बांगड्याच्या तिखल्याखाली. ‘रांडये, सुंगटांत बटाटो घालतंस? घाटणीची संगत बरी लागली.’ कोळंबीखालची ही मला आठवत होती; घाटावरची ती ‘घाटणी’ मी, हिच्यात तेवढी नजर पुढे गेली होती. मला लागलं होतं म्हणून आठवत होती. ‘चोरटे, फोटोतलो तवो आमचो. ऱ्हवांदे तुज्याकडेच.’ केस गेल्याचं तिने लिहिलं त्याखाली: ‘माकडा, ल्हानपणी उवो झाल्लो तेवा आवशीन दोनदा डोक्यां तासलेल्यान. तेवा पण अशीच दिसा हुतंस. परत इले मां केस?’ सहावी एका ओळीची होती: ‘फटकी येवंदे तुका, सगळ्यांक उत्तर देतंस.’ आणि सातवी, ती जायच्या अकरा दिवस आधीची. ‘गो भिकारणी, परक्याच्या खोलयेत कित्याक पडलंस? घर जळलां काय? चूल सारवून ठेवलंय. वायलार पेज आसा. ये.’

अकरा दिवस. तो पंधरवडा, ज्यात ती समुद्राचा आवाज मागत होती. तिला दहा मिनिटांत नेता आलं असतं. तिरफळं आईच घालायची, तवा घरचा, उवा लहानपणच्या… तिसऱ्या-चौथ्या शब्दापलीकडे वाचलं असतं, तर परगावच्या माणसालाही कळलं असतं हे कोण लिहितंय. आणि मी परगावची राहिले नव्हते. बारा वर्षं झाली होती.

“छापा,” विश्राम म्हणाला. मी सातही मंजूर केल्या. आणि त्या क्षणी, बॅकअपचे, टेम्प्लेटचे, सगळे नियम पाठ असलेल्या मला एक गोष्ट दिसली, जी मी आधी ध्यानातच घेतली नव्हती. प्रतिक्रिया मंजूर कधीही करा, तिच्यावर तारीख पडते ती लिहिल्याची. सातही आपापल्या जुन्या जागी जाऊन बसल्या, इतरांच्या मध्ये. वर पुण्याच्या गृहस्थांना शालनचं उत्तर. खाली दुबईच्या बाईंना शालनचं उत्तर. मध्ये भावाची हाक, आणि तिच्याखाली काही नाही. जो कोणी पान उघडेल त्याला हेच दिसणार, की हिने सगळ्यांना पाणी विचारलं आणि भावाला दारात उभं ठेवलं.

म्हणून हे वर्तमानपत्रात लिहिते आहे. ‘वायल’ उघडणाऱ्यांनी कृपा करून समजून घ्यावं: तिने त्या वाचल्या नाहीत. तिच्यापर्यंत त्या पोचूच दिल्या नाहीत. मी.

विश्रामने पडद्यावर बोट ठेवून सातही पुन्हा वाचल्या. मी शिव्यांची वाट पाहत होते. खरंच पाहत होते. त्याने तवा उचलला, पिशवीत घातला, आणि कचेरीत साहेबांसमोर बोलतात तशा स्वच्छ मराठीत मला म्हणाला, “आपण तिच्यासाठी फार केलंत, मॅडम. आभारी आहे. येतो मी.”

खोली अजून माझ्या ताब्यात आहे, महिनाअखेरपर्यंत. कागद भिंतीवरच आहे. त्यातला तिसरा नियम मी खोडला, पण शाई जाड, खालचं वाचता येतंच. परवा एक तारीख होती. मी जाऊन बॅकअप घेतला आणि मंजुरीची रांग उघडली. औषधाच्या दोन जाहिराती होत्या. बाकी कोणी मला काही म्हटलेलं नव्हतं.